सर्पिल भुजांवरील उपदीर्घिकांचा प्रभाव

एखादी उपदीर्घिका मोठ्या सर्पिल दीर्घिकेच्या जवळून जाते तेव्हा तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे मोठ्या दीर्घिकेच्या तबकडीत खळबळ माजते. या खळबळीतून ज्या सर्पिल भुजा निर्माण होतात किंवा आधीच्या भुजा ठळक होतात, त्यांना भरतीजन्य सर्पिल भुजा असे म्हणतात. उपदीर्घिका भुजा 'ओढून काढत' नाही. ती तबकडीला केवळ एक धक्का देते. त्या धक्क्याचे सर्पिल आकारात रूपांतर तबकडीचे परिवलन आणि तबकडीचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण करतात. अशा भुजा कायमस्वरूपी नसतात. काही दशकोटी ते सुमारे १०० कोटी वर्षांत त्या घट्ट गुंडाळल्या जाऊन फिक्या पडतात. त्यामुळे सुस्पष्ट दुहेरी भुजा हा अनेकदा दीर्घिकेच्या नजीकच्या भूतकाळातील भेटीचा पुरावा ठरतो. मात्र प्रत्येक सर्पिल भुजेमागे उपदीर्घिका असतेच असे नाही.

एम ५१, एम ८१ आणि आर्प ८६ या दीर्घिका या प्रक्रियेची अभ्यासलेली उदाहरणे आहेत. यांपैकी आर्प ८६ मधील हायड्रोजन वायूचे निरीक्षण पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने (जीएमआरटी) करण्यात आले आहे.

## पार्श्वभूमी

सर्पिल दीर्घिकेचा दृश्य भाग म्हणजे तारे, वायू आणि धूळ यांची चपटी, फिरणारी तबकडी होय. तबकडीच्या मध्यभागी ताऱ्यांचा फुगवटा असतो आणि अनेक दीर्घिकांत मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दंडही आढळतो. तबकडीभोवती कृष्णद्रव्याचे विस्तीर्ण प्रभामंडल असते व दीर्घिकेचे बहुतांश वस्तुमान त्यातच सामावलेले असते. मोठ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिकांना उपदीर्घिका म्हणतात. आपल्या आकाशगंगेच्या अशा अनेक उपदीर्घिका ज्ञात असून मोठा व छोटा मॅगेलन मेघ या त्यांतील सर्वांत ठळक आहेत.

भुजांच्या स्वरूपावरून सर्पिल दीर्घिकांचे ढोबळमानाने तीन प्रकार केले जातात:

* सुस्पष्ट भुजांच्या दीर्घिका: केंद्राच्या दोन्ही बाजूंना दोन लांब, अखंड आणि सममित भुजा असतात. उदा. एम ५१, एम ८१.
* बहुभुज दीर्घिका: आतील भागात दोन भुजा असतात व बाहेर त्यांना अनेक फाटे फुटतात.
* लोकरी दीर्घिका: भुजांचे आखूड, तुटक तुकडे लोकरीच्या पुंजक्यांप्रमाणे तबकडीभर विखुरलेले असतात. उदा. एनजीसी २८४१.

निकटगमनाचा संबंध मुख्यतः पहिल्या प्रकाराशी जोडला जातो.

### गुंडाळीची समस्या

दीर्घिकेची तबकडी एखाद्या चाकासारखी एकसंध फिरत नाही. केंद्राजवळचे तारे कमी काळात एक फेरी पूर्ण करतात, तर दूरच्या ताऱ्यांना अधिक काळ लागतो. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे अंतरावर असून तो दर सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो व त्याला एका फेरीस सुमारे २२ कोटी वर्षे लागतात. म्हणजेच आपल्या ४६० कोटी वर्षांच्या आयुष्यात सूर्याने जेमतेम वीस फेऱ्या पूर्ण केल्या आहेत.

भुजा जर त्याच त्या ताऱ्यांची बनलेली असती, तर आतील ताऱ्यांच्या जलद फेऱ्यांमुळे ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली गेली असती. भुजा आणि त्या ठिकाणच्या वर्तुळाकार कक्षेची दिशा यांमधील कोनाला भुजाकोन म्हटले, तर सूर्याच्या अंतरावर हा कोन १०० कोटी वर्षांत सुमारे २ अंशांपर्यंत घटेल. प्रत्यक्षात दीर्घिकांमध्ये साधारणपणे १० ते ३० अंशांचे भुजाकोन दिसतात. यावरून दोन शक्यता उरतात. भुजा ही ताऱ्यांची रांग नसून ताऱ्यांमधून सरकणारी लाट असावी, किंवा भुजा वारंवार नव्याने निर्माण होत असाव्यात. भरतीजन्य भुजांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी काही प्रमाणात खऱ्या ठरतात.

## भुजा निर्माण होण्याची प्रक्रिया

### भरतीबल

कोकण किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोन वेळा भरती येते. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या जवळच्या बाजूवर अधिक आणि दूरच्या बाजूवर कमी असते. या फरकामुळे पाण्याला चंद्राच्या दिशेने एक व विरुद्ध दिशेने दुसरा असे दोन फुगवटे येतात. उपदीर्घिका जवळून जाताना तबकडीवर हेच घडते. जवळच्या कडेवरील तारे तिच्याकडे अधिक ओढले जातात, दूरच्या कडेवरील तारे तुलनेने मागे राहतात आणि तबकडी दोन्ही बाजूंनी ताणली जाते. एकच उपदीर्घिका असूनही भुजा दोन का निर्माण होतात, याचे मूळ या दुहेरी ताणात आहे.

भरतीबल उपदीर्घिकेच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर दुप्पट झाल्यास बल एक-अष्टमांश होते. खालील तक्त्यात, प्रमुख दीर्घिकेच्या एक-दशांश वस्तुमानाच्या उपदीर्घिकेमुळे तबकडीच्या कडेवर पडणारे भरतीबल हे तेथील प्रमुख दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाच्या किती टक्के असते, हे दिले आहे. दोन्ही वस्तुमाने केंद्रबिंदूंत एकवटलेली आहेत असे मानून केलेला हा ढोबळ हिशेब आहे.

| उपदीर्घिकेचे अंतर (तबकडीच्या त्रिज्येच्या पटीत) | भरतीबल (टक्के) |
|---|---|
| १.५ | ५.९ |
| २ | २.५ |
| ३ | ०.७ |
| ४ | ०.३ |

वरवर पाहता ही टक्केवारी क्षुल्लक वाटते. एवढ्याशा बलातून संपूर्ण तबकडीचा आकार बदलतो, तो पुढील दोन टप्प्यांमुळे.

### फिरत्या तबकडीचा प्रतिसाद

तबकडीतील तारा जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरत असतो. धक्का बसल्यावर तो मूळ कक्षेच्या आतबाहेर हेलकावे घेऊ लागतो आणि त्याची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार होते. शेजारशेजारच्या अशा अनेक कक्षा परस्परांशी थोड्या कोनात वळलेल्या असतील, तर काही ठिकाणी त्या एकमेकींच्या जवळ येतात व तेथे ताऱ्यांची दाटी होते. या दाटीच्या जागा जोडल्या असता दोन सर्पिल वक्र मिळतात. यास गतिकीय घनता तरंग म्हणतात. भुजेत आज असलेले तारे काही काळाने तिच्यातून बाहेर पडतात आणि दुसरे तारे तेथे येतात. रस्त्यावरच्या वाहतूककोंडीत वाहने बदलत राहतात, पण कोंडी कायम असते, तसाच हा प्रकार आहे.

ही लाट ताऱ्यांपेक्षा सावकाश फिरते. परिवलनाचा वेग सर्वत्र सारखा असलेल्या तबकडीत तिची गुंडाळी ताऱ्यांच्या रांगेच्या तुलनेत सुमारे साडेतीन पट मंद असते. सूर्याच्या अंतरावरील वरील उदाहरणात १०० कोटी वर्षांनंतर भुजाकोन २ अंशांऐवजी ६ ते ७ अंश राहील. १५ अंशांचा भुजाकोन धक्क्यानंतर सुमारे ४० कोटी वर्षांनी येईल. भरतीजन्य भुजांचे आयुष्य दशकोटी वर्षांत मोजले जाते, त्याचे हे एक कारण आहे.

### स्वगुरुत्वाकर्षणामुळे होणारी वाढ

दाटी झालेल्या भागाचे गुरुत्वाकर्षण आसपासच्या ताऱ्यांना आणि वायूला आणखी ओढून घेते. परिवलनाच्या दिशेने पुढे झुकलेली दाटी तबकडीच्या असमान परिवलनामुळे हळूहळू मागे वळते. हे वळण आणि ताऱ्यांचे आतबाहेरचे हेलकावे काही काळ एकाच लयीत चालतात. त्या काळात तारे दाटीबरोबर अधिक वेळ राहतात आणि दाटी अनेक पटींनी वाढते. या प्रक्रियेला स्विंग ॲम्प्लिफिकेशन असे नाव आहे. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्याने मोठा झोका मिळतो, तसे काही टक्क्यांच्या भरतीबलातून ठळक भुजा निर्माण होते.

ही वाढ तबकडीच्या स्थितीवर अवलंबून असते. ज्या तबकडीत ताऱ्यांचे स्वैर वेग कमी आहेत व वायू भरपूर आहे, ती जोरदार प्रतिसाद देते. जिचे तारे स्वैर गतीने फिरतात आणि वायू संपत आला आहे, अशी तबकडी तसाच धक्का बसूनही फारशी बदलत नाही. तारे आणि वायू या दोन घटकांचे परस्पर गुरुत्वाकर्षण एकत्र विचारात घेतल्यास तबकडी अधिक अस्थिर ठरते, हे चंदा जोग आणि फिलिप सॉलोमन यांनी १९८४ मध्ये दाखवले. चंदा जोग यांनी पुढे बंगळूरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घिकांच्या गतिकीवर दीर्घकाळ संशोधन केले.

### वायू आणि तारकानिर्मिती

तारे एकमेकांना न धडकता भुजेतून पार होतात. वायूचे तसे नसते. भुजेत शिरणारा वायू आधीच साचलेल्या वायूवर आदळतो, त्यात आघात तरंग निर्माण होतात व वायू दाबला जातो. या दाबलेल्या वायूत नवे तारे जन्मतात. छायाचित्रांत भुजेच्या कडेने दिसणाऱ्या धुळीच्या काळ्या रेषा, गुलाबी तेजोमेघ आणि निळसर तरुण तारकागुच्छ हे याच प्रक्रियेचे दृश्य रूप होय. तारकीय भुजेतील घनतेतील फरक मर्यादित असला तरी या तेजस्वी अल्पायुषी ताऱ्यांमुळे भुजा उठून दिसते.

## परिणाम ठरवणारे घटक

* वस्तुमान आणि समीपबिंदू: प्रमुख दीर्घिकेच्या काही शतांश वस्तुमानाची उपदीर्घिकाही पुरेशी जवळ आल्यास भुजा निर्माण करू शकते. दूरवरून जाणाऱ्या उपदीर्घिकेचे वस्तुमान अधिक असावे लागते.
* कक्षेची दिशा: उपदीर्घिका तबकडीच्या परिवलनाच्याच दिशेने जात असेल, तर कडेवरील तारे बराच काळ तिच्या सान्निध्यात राहतात व प्रभाव साठत जातो. विरुद्ध दिशेने जाणाऱ्या उपदीर्घिकेचा परिणाम पुष्कळच क्षीण असतो.
* वेग: सावकाश भेट अधिक परिणामकारक असते. दीर्घिका समूहांत सदस्य दीर्घिका परस्परांजवळून अतिशय वेगाने जातात. त्यामुळे तेथील प्रत्येक भेटीचा परिणाम कमी असतो, मात्र भेटी वारंवार घडू शकतात.
* कक्षेचा कल: तबकडीच्या प्रतलालगत जाणारी उपदीर्घिका भुजा निर्माण करते. प्रतलाशी मोठा कोन करून जाणारी उपदीर्घिका तबकडीला वाकवते किंवा तिच्यात वरखाली हेलकावणाऱ्या लाटा उठवते.
* आघाताची जागा: उपदीर्घिका तबकडीच्या केंद्राजवळून थेट आरपार गेल्यास भुजांऐवजी बाहेर पसरणारी कडी निर्माण होतात.

दुहेरी भुजांखेरीज तबकडी एका बाजूला कललेली राहणे, हाही निकटगमनाचा एक संभाव्य परिणाम आहे. अशा एकांगी दीर्घिकांचा विस्तृत आढावा चंदा जोग आणि फ्रान्स्वाज कोंब यांनी २००९ मध्ये घेतला.

## अभ्यासाचा इतिहास

आयर्लंडमधील बर येथे रॉसचे तिसरे अर्ल विल्यम पार्सन्स यांनी ७२ इंच व्यासाच्या परावर्तक दुर्बिणीतून १८४५ मध्ये एम ५१ या तेजोमेघाची सर्पिल रचना प्रथम पाहिली. त्यांच्या रेखाटनात मुख्य सर्पिलाची भुजा शेजारच्या लहान तेजोमेघाला जोडलेली दाखवली आहे. म्हणजे सर्पिल रचनेचा शोध आणि सहचर दीर्घिकेचे चित्र या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या. मात्र त्यांच्यातील कार्यकारणसंबंध समजण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

संगणक उपलब्ध नसताना १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी एक कल्पक प्रयोग केला. प्रकाशाची तीव्रता आणि गुरुत्वाकर्षण ही दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात. या साम्याचा उपयोग करून त्यांनी प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ विजेचे दिवे मांडले. प्रत्येक दिव्याच्या जागी पडणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटाने मोजून त्यावरून त्या 'ताऱ्यावरील' बल काढले आणि दिवे टप्प्याटप्प्याने हलवले. दोन दीर्घिका एकमेकींजवळून जाताना त्यांत भरतीमुळे सर्पिल भुजांसारखे आकार उमटतात, असे त्यांना आढळले.

१९६४ मध्ये सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी सर्पिल भुजा म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घनता तरंगांचा आकृतिबंध होय, हा सिद्धांत मांडला. १९६६ मध्ये हॉल्टन आर्प यांनी ३३८ विलक्षण दीर्घिकांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात भुजेच्या टोकाशी सहचर असलेल्या दीर्घिकांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. एम ५१ ची जोडी त्यात आर्प ८५ आहे आणि तिच्यानंतरची आर्प ८६.

१९७२ मध्ये अलार आणि यूरी टूम्रे या बंधूंनी संगणकाच्या साहाय्याने आर्पच्या संग्रहातील काही जोड्यांचे आकार केवळ गुरुत्वाकर्षणाच्या आधारे जुळवून दाखवले. एम ५१ त्यांत होती. दीर्घिकांमधील पूल आणि शेपट्या या भरतीमुळे तयार होतात, हे यानंतर सर्वसाधारणपणे मान्य झाले. या गणितात ताऱ्यांचे परस्परांमधील आकर्षण धरलेले नव्हते, त्यामुळे बाह्य भागातील रचना जुळल्या तरी आतील भुजांचा उलगडा पुरा झाला नाही. ती उणीव स्विंग ॲम्प्लिफिकेशनच्या सिद्धांताने भरून काढली. पीटर गोल्डराइख, डोनाल्ड लिंडन-बेल, विल्यम जुलियन आणि अलार टूम्रे यांच्या १९६५-६६ मधील कार्यातून हा सिद्धांत आकाराला आला व १९८१ मध्ये टूम्रे यांनी त्याची सविस्तर मांडणी केली.

निरीक्षणांच्या बाजूने, १९७९ मध्ये जॉन कॉरमेंडी आणि कॉलिन नॉर्मन यांनी सुस्पष्ट भुजा प्रामुख्याने दंड किंवा जवळचा सहचर असलेल्या दीर्घिकांत आढळतात, असे दाखवले. १९८२ मध्ये डेब्रा आणि ब्रूस एल्मग्रीन यांनीही दंडविरहित एकाकी दीर्घिकांच्या तुलनेत जोडीने किंवा गटात राहणाऱ्या दीर्घिकांत सुस्पष्ट भुजांचे प्रमाण बरेच जास्त असल्याचे नोंदवले.

## प्रमुख उदाहरणे

### एम ५१

श्यामशबल तारकासमूहातील ही दीर्घिका सुमारे २.८ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिची सहचर एनजीसी ५१९५ ही नेहमीच्या उपदीर्घिकांपेक्षा पुष्कळ मोठी असून सध्या ती एम ५१ च्या तबकडीच्या पलीकडे आहे. म्हणूनच एम ५१ च्या भुजेतील धुळीची रेषा तिच्यावरून आडवी गेलेली दिसते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओ निरीक्षणांत या जोडीभोवती हायड्रोजनची प्रचंड लांब शेपटी आढळली. एकाच भेटीतून ही शेपटी आणि आतील भुजा या दोन्हींचे स्पष्टीकरण देणे अवघड होते. हायकी सालो आणि एया लाउरिकाइनेन यांनी २००० मध्ये सुचवलेल्या प्रतिमानानुसार सहचराने तबकडीचे प्रतल एकदा ४० ते ५० कोटी वर्षांपूर्वी आणि पुन्हा ५ ते १० कोटी वर्षांपूर्वी ओलांडले असावे. २०१० मध्ये क्लेअर डॉब्स व सहकाऱ्यांनी ताऱ्यांबरोबर वायूचाही समावेश करून केलेल्या संगणकीय अनुकरणात भुजांचा आकृतिबंध सर्वत्र एकाच वेगाने फिरत नाही, असे आढळले. एकसंध फिरणाऱ्या दीर्घजीवी तरंगापेक्षा गुंडाळत जाणाऱ्या भरतीजन्य भुजेशी हे अधिक जुळते.

### एम ८१

सप्तर्षी तारकासमूहातील एम ८१ सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. दृश्य प्रकाशात ती आणि तिच्या शेजारच्या एम ८२ व एनजीसी ३०७७ या दीर्घिका सुट्या दिसतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हायड्रोजनच्या नकाशात मात्र या तिन्ही दीर्घिका वायूच्या पुलांनी जोडलेल्या दिसल्या. ताऱ्यांच्या छायाचित्रात न दिसणारी भेट वायूच्या नकाशात स्पष्ट उमटते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

### आर्प ८६

महाश्व तारकासमूहात सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर असलेल्या या जोडीत एनजीसी ७७५३ ही मोठी दंडयुक्त सर्पिल दीर्घिका असून तिच्या एका भुजेच्या टोकाशी एनजीसी ७७५२ ही लहान दीर्घिका आहे. रचनेतील साम्यामुळे तिला एम ५१ च्या वर्गातील जोडी मानतात. सालो आणि लाउरिकाइनेन यांनी १९९३ मध्ये या जोडीचे प्रतिमान तयार करून मोठ्या दीर्घिकेची सर्पिल रचना सहचराच्या प्रभावातून स्पष्ट होऊ शकते, असे दाखवले होते.

चंद्रेयी सेनगुप्ता, के. एस. द्वारकानाथ आणि डी. जे. सैकिया यांनी जीएमआरटीच्या साहाय्याने केलेला या जोडीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली ही दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मिळून बनलेली आहे. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात एकवटलेल्या असून उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीचे संचालन टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र करते. जवळजवळ असलेल्या तबकड्या विस्तीर्ण, अंधूक वायू टिपतात व दूरच्या तबकड्यांमुळे बारकावे उमटतात. अशा जोड्यांच्या अभ्यासाला या दोन्हींची गरज असते.

उदासीन हायड्रोजन २१ सेंटीमीटर तरंगलांबीचे रेडिओ तरंग उत्सर्जित करतो. त्यांची मूळ वारंवारता सुमारे १,४२० मेगाहर्ट्झ असते. आर्प ८६ दर सेकंदाला ५,००० किलोमीटरहून अधिक वेगाने दूर जात असल्यामुळे ती १,४०० मेगाहर्ट्झच्या किंचित खाली सरकलेली मिळते. वारंवारतेतील सूक्ष्म फरकांवरून वायूचा प्रत्येक भाग कोणत्या वेगाने जात आहे, हेही कळते. या निरीक्षणांत दोन्ही दीर्घिकांखेरीज त्यांच्यामधील वायूचा पूल आणि भरतीने ओढल्या गेलेल्या शेपट्या यांची गुंतागुंतीची रचना दिसली. वायूची भुजा ताऱ्यांच्या भुजेपेक्षा बरीच दूरवर पसरलेली आढळली, तसेच वायू जेथे सर्वाधिक दाट आहे त्या जागांचा अलीकडील तीव्र तारकानिर्मितीशी संबंध असल्याचे दिसून आले. याच व्यवस्थेचा भाग असलेल्या एका लहान दीर्घिकेतील हायड्रोजनही टिपला गेला. ती भरतीने बाहेर फेकलेल्या द्रव्यातून बनलेली असण्याची शक्यता अभ्यासकांनी चर्चिली आहे.

### इतर उदाहरणे

* एनजीसी ४२५४ (एम ९९): कन्या दीर्घिका समूहाशी संबंधित या दीर्घिकेची एक भुजा इतरांपेक्षा ठळक आहे. तिच्यातील हायड्रोजन व रेडिओ उत्सर्जनाचा जीएमआरटीद्वारे अभ्यास झाला असून तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची असममिती आणि वायूची लांब शेपटी यांचे स्पष्टीकरण दुसऱ्या दीर्घिकेशी झालेल्या वेगवान भेटीने देण्याचे प्रयत्न झाले आहेत.
* एनजीसी ४६२२: नरतुरंग तारकासमूहातील या दीर्घिकेत काही भुजांची टोके परिवलनाच्या विरुद्ध दिशेला नसून परिवलनाच्याच दिशेला रोखलेली आहेत. ही अत्यंत दुर्मीळ रचना असून ती विरुद्ध दिशेने गेलेल्या लहान सहचराचा परिणाम असावी, असा प्रस्ताव मांडला गेला आहे.
* देवयानी दीर्घिका (एम ३१): हिच्या तबकडीत केंद्रापासून सरकलेली दोन कडी आहेत. एम ३२ ही उपदीर्घिका सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वी तबकडीतून जवळजवळ थेट आरपार गेल्याने ती निर्माण झाली असावीत, असे २००६ मध्ये डेव्हिड ब्लॉक व सहकाऱ्यांनी सुचवले.

## आकाशगंगेवरील प्रभाव

धनू लघुदीर्घिकेचा शोध १९९४ मध्ये लागला. ती आकाशगंगेभोवती फिरताना विस्कटत असून तिच्या ताऱ्यांचे प्रवाह आकाशभर पसरले आहेत. २०११ मध्ये ख्रिस पर्सेल व सहकाऱ्यांनी केलेल्या संगणकीय अनुकरणात, या एका उपदीर्घिकेच्या आघातांतून आकाशगंगेसारख्या तबकडीत सर्पिल भुजा आणि बाह्य कडी निर्माण होऊ शकतात, असे दिसले. २०१८ मध्ये गाया या अवकाशयानाच्या मोजमापांवरून तेरेसा अंतोखा व सहकाऱ्यांना सूर्याच्या परिसरातील ताऱ्यांच्या वरखाली होणाऱ्या गतीत एक सर्पिल आकृतिबंध आढळला. ही सर्पिल रचना आकाशात दिसणारी भुजा नव्हे. ताऱ्यांची प्रतलापासूनची उंची आणि त्या दिशेतील त्यांचा वेग यांचा आलेख काढल्यावर ती दिसते. ३० ते ९० कोटी वर्षांपूर्वी तबकडीला बसलेल्या धक्क्याची ती खूण मानली जाते. तो धक्का धनू लघुदीर्घिकेने दिला असावा, हे एक प्रमुख मत आहे.

मोठा मॅगेलन मेघ सुमारे १.६ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे वस्तुमान आकाशगंगेच्या एक-दशांश किंवा त्याहून अधिक असल्याचे अलीकडील अंदाज आहेत. आकाशगंगेच्या बाहेरील हायड्रोजन तबकडीचा वाकलेला आकार त्याच्याशी जोडला जातो.

## मर्यादा आणि मतभेद

उपदीर्घिकांचा प्रभाव सर्पिल भुजांचे एकमेव कारण नाही. एम ७४ या दीर्घिकेच्या भुजा सुस्पष्ट असूनही तिच्याजवळ मोठा सहचर दिसत नाही. मध्यवर्ती दंड, तबकडीतील अंगभूत अस्थिरता आणि दीर्घजीवी घनता तरंग हे इतर पर्याय आहेत. एकाच दीर्घिकेत एकाहून अधिक कारणे कार्यरत असू शकतात.

शेजारी उपदीर्घिका दिसणे हाही पुरेसा पुरावा नव्हे. दोन दीर्घिका केवळ दृष्टिरेषेत एकामागे एक असू शकतात, अथवा उपदीर्घिकेची कक्षा तबकडीपासून दूरच राहणारी असू शकते. उलटपक्षी, ज्या उपदीर्घिकेने भुजा निर्माण केल्या ती दरम्यान मोठ्या दीर्घिकेत विलीन झालेली असू शकते. म्हणून निष्कर्ष काढताना भुजांच्या आकाराबरोबर वायूच्या शेपट्या, दोन्ही दीर्घिकांचे वेग आणि निरनिराळ्या कक्षांची संगणकीय अनुकरणे यांची सांगड घालावी लागते. भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील अंकित कुमार, मौसमी दास आणि संदीप कुमार कटारिया यांनी २०२१ मध्ये लहान दीर्घिकांच्या निकटगमनाची अशी अनुकरणे प्रसिद्ध केली. त्यांत विलीनीकरण न होताही केवळ जवळून जाण्याने तबकडीत भुजा निर्माण होतात, असे दिसून आले.

## महाराष्ट्रातून निरीक्षण

सोलापूरच्या अक्षांशावरून (सुमारे १७.७° उत्तर) एम ५१ उत्तर आकाशात सुमारे ६० अंश उंचीपर्यंत चढते. मे महिन्याच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास ती सर्वाधिक उंचीवर असते. सप्तर्षीच्या शेपटाच्या टोकाशी असलेल्या मरीची ताऱ्यापासून सुमारे साडेतीन अंशांवर तिचा शोध घ्यावा लागतो. शहराच्या उजेडापासून दूर, अंधाऱ्या माळरानावरून द्विनेत्रीतून ती अंधूक ठिपक्यासारखी दिसते. मध्यम आकाराच्या दुर्बिणीतून दोन दीर्घिकांचे केंद्रभाग वेगळे ओळखता येतात. भुजा दिसण्यासाठी मात्र मोठी दुर्बीण व चांगले आकाश लागते. एम ८१ एप्रिलमध्ये, तर देवयानी दीर्घिका नोव्हेंबरमध्ये सायंकाळनंतर सोयीस्कर असते. मोठा मॅगेलन मेघ सोलापुराहून दक्षिण क्षितिजावर जेमतेम अडीच-तीन अंशच वर येतो. त्यामुळे क्षितिजालगतच्या धुळीतून तो दिसणे जवळपास अशक्य असते.

## हेही पाहा

* सर्पिल दीर्घिका
* आकाशगंगा
* मॅगेलन मेघ
* कृष्णद्रव्य
* महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण